मोनेचं छत्रीवालं चित्र कॉपी करताय? मग त्या पोराच्या बाबतीत या चुका टाळा

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 1875 चं छत्रीवालं चित्र बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. उतारावर गवतात उभी बाई, तोंडावर उडणारी जाळी, आणि डावीकडे जरा मागे हॅट घातलेला मुलगा. बाई म्हणजे मोनेची बायको कामीय, मुलगा झाँ, तेव्हा सात-आठ वर्षांचा, आणि जागा पॅरिसजवळची आर्जांतय. हौशी लोक हे करायला घेतात, छत्री जमते, ड्रेसही बऱ्यापैकी जमतो, आणि पोरगा मात्र आईच्या शेजारी आणून ठेवलेला बाहुला दिसायला लागतो.

याचं मेन कारण, त्याला पूर्ण उभा काढतात. मूळ चित्रात झाँ कमरेपर्यंतच दिसतो, खालचा भाग चढाच्या पलीकडे गेलाय, आणि तेवढ्या एका गोष्टीमुळे तो लांब आहे हे आपल्याला कळतं. पाय काढले की अंतर गेलं, मग मागे कितीही हलका रंग मारा, काही होत नाही. ऑलरेडी काढून बसला असाल तर खोडत बसू नका, गवताची कड वर घ्या आणि पाय सरळ झाकून टाका, ॲक्रिलिकमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरा लोचा चेहऱ्याचा. पोरगा गोड दिसावा म्हणून लोक झिरो नंबरचा ब्रश घेऊन पापण्या, ओठ, नाकपुड्या सगळं रंगवतात. अरे, मूळ कॅनव्हास 100 बाय 81 सेंटीमीटरचा आहे, एवढ्या मोठ्या चित्रातसुद्धा मोनेने त्या चेहऱ्याला मोजकेच फटकारे दिलेत, आणि तुम्ही त्याच्या निम्म्या साईझवर डोळ्यात चमक टाकताय! आईचा चेहरा जाळीमागे पुसट आणि मागचा मुलगा पासपोर्ट फोटोसारखा क्लिअर, हे कसं चालेल? हॅटचा गोल, गालाचा उजेड, डोळ्यांच्या जागी दोन गडद ठिपके, बस. जमलं का ते बघायला सहा-सात फूट मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा, जवळून ते ठिपकेच दिसणार, दिसू द्या.

उजेड कुठून येतोय हेही आधी ठरवा. ऊन कामीयच्या मागून येतंय, म्हणून छत्रीचा वरचा भाग आणि पाठीमागचं उडणारं कापड पांढरंफटक, आणि पुढची बाजू सावलीत. पण सावलीत म्हणजे काळी नाही हां, खालच्या रानफुलांचा पिवळा उजेड तिच्या अंगावर वर उडालाय. इथे लोक पांढऱ्यात काळा मिसळून ग्रे करतात आणि आई-मुलगा दोघांचे कपडे मळके दिसतात. काळ्याची ट्यूब बाजूला ठेवा, अल्ट्रामरीन म्हणजे गडद निळ्यामध्ये चिमूटभर क्रिमसन म्हणजे गडद लाल आणि भरपूर व्हाइट घ्या, सावली निळसर-जांभळी येईल. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं डार्क होतं, म्हणून मिक्स करताना एक शेड हलकीच ठेवा.

गवताचा चिखल झाला तर तो जास्त घोटल्यामुळे झालाय. ओल्या हिरव्यात लाल-पिवळं घोळवत बसायचं नाही. ऑइल असेल तर पॅलेट नाइफने खरवडून फडक्याने पुसा, ॲक्रिलिक असेल तर वाळू द्या आणि वरून सुटे फटकारे मारा, एक हिरवा, एक पिवळा, मध्ये थोडा निळा, आणि एकदा मारलेला फटकारा परत गोंजारू नका. सॅप ग्रीन, म्हणजे तयार हिरवा, ट्यूबमधून डायरेक्ट लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आकाश गुळगुळीत ब्लेंड करू नका, वारा तिथेच आहे. बॅकग्राउंडला सपाट निळा मारला की ड्रेस कशाने उडतोय तेच कळत नाही.

कॅनव्हासचं माप पण बघा. ए-थ्री कागदावर हे चित्र बसवायला गेलात की एकतर बाई ताणली जाते नाहीतर वर फालतू आकाश उरतं, 16 बाय 20 इंची बोर्ड घ्या, प्रमाण जवळपास तेच येतं.

आणि रेफरन्स फॉरवर्डमधून आलेला घेऊ नका, त्यातले रंग भडक केलेले असतात. चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे, त्यांच्या साइटवर मोठी इमेज फुकट डाउनलोड होते. सर्च करताना मोनेचीच 1886 ची दोन छत्रीवाली चित्रंही समोर येतील, ती पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहेत, त्यात कामीय नाही, ती 1879 मध्येच गेली, मॉडेल वेगळी आहे आणि झाँ तर नाहीच. एकातली छत्री आणि दुसऱ्यातलं गवत असं मिक्स केलं की उजेडाची दिशा बिघडते, आणि मग पोराच्या कुठल्या गालावर ऊन द्यायचं यावर अख्खा रविवार जातो.