गालिचा उलटा करून पाहावा: इराणी आणि तुर्की गाठीच्या विणीची पारख

गालिचा विकत घेताना बहुतेक जण नक्षीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण नक्षी कुणालाही उतरवून घेता येते. 'तब्रीझ' किंवा 'काशान' हे बाजारात इराणी गावाचे नाव असते तितकेच नमुन्याचेही असते, आणि त्या नमुन्याचा गालिचा काश्मीरमध्ये किंवा उत्तर प्रदेशातल्या भदोहीतही विणलेला असू शकतो. विणकराचा हात दिसतो तो मागच्या बाजूला. म्हणून दुकानात पहिली विनंती गालिचा उलटा करून दाखवण्याची करावी.

मागे कापड चिकटवलेले असेल, तर तो गाठींचा गालिचा नव्हे. यंत्राने किंवा हातातल्या पिस्तुलाने लोकर टोचून मागून डिंकासारखा लेप दिलेला तो प्रकार आहे. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची पाठ उघडी असते आणि पुढची सगळी नक्षी तिथे जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते. त्यानंतर टोकाच्या दशा पाहाव्यात. खऱ्या गालिच्यात दशा म्हणजे ताण्याच्याच, म्हणजे उभ्या, धाग्यांची उरलेली टोके असतात, त्यामुळे त्या विणीतूनच बाहेर आलेल्या दिसतात. वरून शिवलेली झालर आढळली, तर एक तर माल यंत्रावरचा आहे किंवा जुन्या गालिच्याचे झिजलेले टोक झाकलेले आहे.

आता गाठ. गालिचा आडव्या ओळीवर दुमडून लव, म्हणजे पुढच्या बाजूचे उभे लोकरीचे तंतू, दोन्ही बाजूंना सारावी आणि बुडाशी भिंगातून पाहावे. तुर्की गाठीत लोकर ताण्याच्या दोन धाग्यांवरून आडवी जाते आणि तिची दोन्ही टोके त्या धाग्यांच्या मधून एकत्र वर येतात; त्यामुळे दोन धाग्यांवर पसरलेली एक छोटी आडवी पट्टी दिसते. फारसी, म्हणजे इराणी, गाठीत लोकर एका धाग्याला पूर्ण वेढा घालते आणि शेजारच्या धाग्याच्या फक्त मागून जाते, त्यामुळे पट्टी एकाच धाग्यावर असते. या दोन गाठींना अनुक्रमे गॉर्डेस आणि सेन्ने अशीही नावे आहेत, आणि गंमत अशी की, ज्या सेन्नेचे, म्हणजे इराणमधल्या आजच्या सनंदजचे, नाव फारसी गाठीला मिळाले, तिथले कुर्द विणकर प्रामुख्याने तुर्की गाठच मारतात. तब्रीझ इराणमध्ये असूनही तिथे हुकासारख्या आकड्याने तुर्की गाठ मारतात. तेव्हा केवळ गाठीवरून देश ठरवू नये.

विणकाम ओळखायला गाठीपेक्षा ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, अधिक उपयोगी पडतो. तुर्कस्तानातल्या खेड्यांत ताणा आणि बाणा बहुधा लोकरीचा असतो आणि बाणा पुष्कळदा लाल रंगवलेला असतो. काशानमध्ये ताणा सुती आणि बाणा अनेकदा निळा असतो. इराणमधल्याच हमदानच्या खेड्यांतल्या गालिच्यांत गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचा एकच धागा असल्याने पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची जाळी उमटते. ती एकदा पाहिली की विसरत नाही. इराणमधल्या नाईनच्या मालाचा दर्जा दशांवरूनही कळतो: एक दशी उलगडून तिचे पदर मोजावेत. नऊपदरी ताण्यापेक्षा सहापदरी बारीक, आणि चारपदरी त्याहून बारीक.

गाठी मोजताना पाठीवर मोजपट्टी ठेवून एक इंच आडव्या आणि एक इंच उभ्या गाठी मोजाव्यात आणि त्यांचा गुणाकार करावा. इथे एक खड्डा आहे, ज्यात मी स्वतः पडलो आहे: ताण्याचे धागे एकाच पातळीत असले, तर प्रत्येक गाठीचे पाठीवर शेजारी-शेजारी दोन उंचवटे दिसतात आणि आकडा सहज दुप्पट होतो. उपाय सोपा आहे. नक्षीच्या बाह्यरेषेत जिथे एकट्या गाठीचा वेगळा रंग आला असेल, तिथे ती गाठ किती उंचवट्यांनी दिसते ते आधी पाहून घ्यावे. तब्रीझचे व्यापारी 'रज' हे माप सांगतात, ते सुमारे 7 सेंटिमीटरमधल्या गाठींचे असते. 50 रज म्हणजे चौरस इंचाला साधारण 330 गाठी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला 1539–40 सालचा अर्दबील गालिचा जवळपास याच घनतेचा आहे, आणि तो साडेदहा मीटर लांब असल्याने त्याच्या गाठी अडीच कोटींच्या पुढे जातात. तरीही माझे मत विचाराल, तर आकड्याला दुकानदार देतात तितके महत्त्व देऊ नये. इराणमधल्या फिरत्या कशकाई टोळ्यांचा किंवा तुर्कस्तानच्या अनातोलियातल्या खेड्याचा गालिचा चौरस इंचाला शंभर गाठींचा असूनही उत्तम असू शकतो, कारण भौमितिक नक्षीला त्याहून दाट वीण लागतच नाही. वेलबुट्टीच्या वळणदार रेषांना मात्र दाट वीण हवीच. मोजण्याबरोबर 'जुफ्ती' गाठही शोधावी. दोनऐवजी चार धाग्यांवर मारलेल्या या गाठीने विणकराचा वेळ वाचतो आणि लव विरळ होऊन लवकर झिजते.

रंगासाठी पांढरा ओला रुमाल लाल भागावर घासून पाहावा. रुमालाला रंग लागला, तर गालिचा परत गुंडाळायला सांगावे. मग लव सारून धाग्याचे बूड आणि टोक ताडून पाहावे. बूड गडद जांभळे आणि टोक राखाडी पडलेले असेल, तर तो बहुधा सुरुवातीच्या काळातला कच्चा कृत्रिम रंग आहे. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा लाल आणि नीळ हे रंग असे दगा देत नाहीत. एकाच रंगाच्या जमिनीत मधूनच फिकट-गडद आडवे पट्टे दिसले, तर तो दोष समजू नये. लोकरीची नवी खेप वेगळ्या रंगकुंडातून आली की असे होते. त्याला 'अब्राश' म्हणतात.

रेशमाच्या बाबतीत विशेष सावध राहावे. इराणमधले कोम आणि तुर्कस्तानातले हेरेके इथले रेशमी गालिचे प्रसिद्ध आहेत, पण तुर्कस्तानातल्याच कायसेरीत चकचकीत केलेल्या सुताचेही गालिचे विणले जातात आणि ते रेशमी म्हणून खपवले जाऊ शकतात. मालकाच्या परवानगीने लवेचा एक धागा काढून जाळावा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते, तर सुताला जळक्या कागदाचा वास येतो.

गालिचा घरी आल्यावर त्याला दर सहा महिन्यांनी अर्धे वळण द्यावे, म्हणजे ऊन आणि वर्दळ एकाच टोकावर पडत नाही. झाडताना लवेच्या दिशेनेच झाडावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात उचलून ठेवायचा असेल, तर कोरड्या उन्हाळ्यातच झटकून, सुती कापडात गुंडाळी करून ठेवावा. प्लास्टिकमध्ये बांधल्यास आतला दमटपणा अडकून बुरशी येते. घडी तर कधीच घालू नये, विशेषतः इराणमधल्या बिजारच्या गालिच्याची, कारण त्याचा बाणा इतका ठोकून बसवलेला असतो की घडीच्या जागी ताण्याचे धागे तुटू शकतात. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते ती बहुधा कपाटाखाली दबलेल्या भागाला, म्हणून महिन्यातून एकदा तो कोपरा उचलून पाठ पाहावी.