शेततळ्यातील मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात तेव्हा या चुका टाळा

पहाटे शेततळ्यावर गेल्यावर कटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, की अनेकांचा हात आधी औषधाच्या डब्याकडे जातो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. अशा वेळी मासा बहुधा आजारी नसतो, तो गुदमरत असतो. पाण्यातील ऑक्सिजन कशामुळे संपला हे पाहिल्याशिवाय टाकलेले कोणतेही औषध परिस्थिती आणखी बिघडवू शकते.

पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन माशाच्या कामाचा नसतो. त्याला केवळ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेता येतो आणि तो मुळातच फार थोडा असतो. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक ऑक्सिजन असतो, तर 30 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेशी समतोल साधल्यावरही तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. पाणी 20 अंशांचे असेल तर हा आकडा नऊपर्यंत जातो, म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते तेव्हाच पाण्याची साठवण घटते. इतक्या तुटपुंज्या साठ्यावर भागावे म्हणून कल्ल्यांच्या बारीक पापुद्र्यांत रक्त पाण्याच्या प्रवाहाच्या उलट दिशेने वाहते, त्यामुळे शेवटपर्यंत पाण्यात रक्तापेक्षा जास्त ऑक्सिजन राहतो आणि तो आत झिरपत राहतो. मात्र पाण्यातच ऑक्सिजन नसेल तर ही रचना निरुपयोगी ठरते. वर आलेला कटला हवा पीत नाही. हवेला टेकलेल्या पाण्याच्या पातळ थरात ऑक्सिजन थोडा जास्त असतो, तो थर मासा कल्ल्यांवरून फिरवत असतो. मरळ आणि मागूर या माशांना हवेतून श्वास घेण्यासाठी वेगळे अवयव असल्याने ते एरवीही वर येतात, म्हणून त्यांच्यावरून कटला-रोहूची परीक्षा करू नये.

दुसरी चूक वेळेची आहे. दुपारी पाणी तपासून ‘सगळे ठीक आहे’ असे ठरवले जाते. हिरव्या पाण्यातील सूक्ष्म वनस्पती दिवसा उन्हात ऑक्सिजन तयार करतात, पण रात्री त्याही मासे आणि तळातील जीवाणूंबरोबर तोच ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे सर्वांत कमी पातळी सूर्योदयाच्या सुमारास असते आणि मोजायचे ते तेव्हाच. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असल्यास उत्तम, 3 च्या खाली गेल्यास माशांवर ताण येतो. ऑक्सिजन मोजणारा मीटर नसेल तर निदान कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून पाहावे: तळहात स्पष्ट दिसत असेल तर पाणी विरळ आहे, मनगटापर्यंत हात घालताच बोटे दिसेनाशी होत असतील तर हिरवेपणा धोक्याइतका वाढलेला आहे. सलग दोन-तीन दिवस आभाळ दाटून राहिले की असे गर्द हिरवे पाणीच सर्वांत आधी दगा देते, म्हणून त्या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणावे किंवा सरळ बंद ठेवावे आणि खत म्हणून शेण तर मुळीच टाकू नये. मासे उपाशी राहतील या काळजीने पेंड-कोंडा टाकत राहणाऱ्यांना हे पटवणे अवघड जाते, परंतु न खाल्लेले खाद्य तळाशी कुजताना माशांच्या वाट्याचाच ऑक्सिजन खाते.

पोटॅशियम परमँगनेट टाकल्याने पाण्यात ऑक्सिजन वाढतो हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात तो नगण्य वाढतो, आणि मात्रा जास्त झाल्यास ऑक्सिजन देणाऱ्या वनस्पतीच मरतात. हिरवे पाणी साफ करण्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकणे त्याहून घातक, कारण मेलेले शेवाळ एकदम कुजू लागते. विंधन विहिरीचे पाणी पाइपने थेट तळाशी सोडणेही टाळावे. जमिनीखालील पाण्यात ऑक्सिजन अत्यल्प आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, म्हणून ते उंचावरून, फुटत आणि शिंतोडे उडवत पडेल अशी सोय करावी.

एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) असूनही मासे मरतात ते बहुतेक वेळा तो दिवसा चालवून रात्री बंद ठेवल्यामुळे. भर दुपारी हिरव्या पाण्यात ऑक्सिजन मर्यादेपेक्षा जास्त साठलेला असताना पाणी घुसळले तर तो उलट हवेत निघून जातो. यंत्राची खरी गरज मध्यरात्रीपासून सूर्योदयानंतर तासभर असते आणि शेतीच्या विजेची पाळी दिवसाची असेल तर डिझेल पंपाने तळ्याचेच पाणी उपसून फवाऱ्यासारखे परत सोडण्याची तयारी आधीच ठेवावी लागते.

ऊन चढल्यावरही माशांची धाप थांबत नसेल तर कारण वेगळे शोधावे. ऑक्सिजनअभावी सहसा मोठे मासे आधी मरतात. विषारी घटकांनी लहान आधी मरू लागतात. एक मासा हातात घेऊन कल्ल्याचे झाकण उचलून पाहावे. कल्ले लाल न दिसता चॉकलेटी दिसत असतील तर नायट्राइटचा (अमोनियापासून पाण्यात तयार होणाऱ्या विषारी घटकाचा) संशय घ्यावा, कारण त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहण्याच्या कामाचे राहत नाही आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. येथे एअरेटर पुरेसा पडत नाही. चाचणीत नायट्राइट आढळल्यास मीठ उपयोगी पडते, कारण मिठातील क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्ले) सोडताना होणारी गफलत मात्र सहज टाळता येते. प्रवासात बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होते, त्यामुळे माशांच्या उत्सर्जनातून तेथे साठलेला अमोनियाही कमी विषारी रूपात राहतो. पिशवी आधी उघडून मग तासभर पाण्यावर तरंगत ठेवली तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी 15 ते 20 मिनिटे तळ्यावर सावलीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे, नंतर उघडून त्यात थोडे थोडे तळ्याचे पाणी घालावे आणि लगेच पिशवी आडवी करून पिल्ले आपली आपण बाहेर जाऊ द्यावीत.