कौलाची हाडं, काशाची भांडी, बांबूच्या पट्ट्या: प्राचीन चिनी लेखन शिकू पाहणाऱ्यांसाठी

प्राचीन चिनी लिपीकडे येणारे बहुतेक जण चित्रांच्या ओढीने येतात. हा सूर्य, हा डोंगर, हे झाड. ती ओढ खरी असते, पण अभ्यास तिच्यावर उभा राहत नाही. नव्याने शिकणाऱ्यांना मी सुरुवातीलाच सांगते: एकटं चिन्ह वाचू नका, वाक्य वाचा. आणि ते वाक्य कोणत्या वस्तूवर, कोणत्या कामासाठी लिहिलं गेलं हे त्याच्याही आधी पाहा.

चिनी लेखनाचा सर्वांत जुना मोठा साठा देवाचा कौल घेण्याच्या कामातून आला आहे. इ.स.पू. १२५०च्या आसपास, आजच्या आनयांग शहराजवळ शांग राजांची राजधानी होती. तिथे कासवाच्या पोटाकडचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड घेऊन त्याच्या मागच्या बाजूला खाचा कोरत, त्या तापवत आणि पुढच्या बाजूला पडणाऱ्या तड्यांवरून पूर्वजांचा कल ओळखत. मग तो प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवत. १८९९मध्ये वांग इरोंग या विद्वानाने या हाडांवरच्या खुणा म्हणजे जुनं लेखन आहे हे ओळखलं, आणि १९२८पासून आनयांगला पद्धतशीर उत्खनन सुरू झालं. १९३६मध्ये एकाच खड्ड्यात सतरा हजारांहून जास्त तुकडे मिळाले.

या लेखांना ठरावीक साचा असतो. आधी दिवस आणि कौल घेणाऱ्याचं नाव, मग प्रश्न, मग राजाने लावलेला अर्थ आणि क्वचित शेवटी प्रत्यक्षात काय घडलं ते. दिवस साठांच्या चक्रात मोजले जात. दहा चिन्हांची एक माळ, बारांची दुसरी, दोन्ही बरोबरीने पुढे सरकत जाऊन जुळणाऱ्या जोड्यांतून साठ नावं. ही बावीस चिन्हं हाडांवरच्या रूपात हाताने गिरवून पक्की करा. यासारखी चांगली सुरुवात मला माहीत नाही, कारण पुढे कुठलाही तुकडा समोर आला तरी निदान तारखेपाशी पाय टेकतो. शांग काळात लेखन शिकणाऱ्यांनीही हाच तक्ता गिरवलेला आहे. काही हाडांवर सराईत हाताच्या ओळींशेजारी कच्च्या हाताच्या ओळी दिसतात. असा ठसा, म्हणजे लेखावर कागद दाबून शाईने घेतलेली प्रत, पहिल्यांदा समोर आला तेव्हा मी त्यावरून नजर हलवू शकले नव्हते.

हाडांवरचा पहिला पूर्ण लेख म्हणून फू हावच्या बाळंतपणाचा घ्या. राजा वू दिंगची ही राणी. प्रश्न असा, की तिचं बाळंतपण शुभ होईल ना? राजा तडे पाहून सांगतो, अमुक दिवशी झालं तर शुभ, तमुक दिवशी झालं तर फारच शुभ. पुढे नोंद येते: एकतिसाव्या दिवशी ती बाळंत झाली, शुभ झालं नाही, मुलगी झाली. वाक्य छोटं आहे, व्याकरण सोपं आहे, आणि ते वाचून जीव कळवळतो. हीच फू हाव इतर हाडांवर तेरा हजारांच्या सैन्यासोबत दिसते. १९७६मध्ये तिची न लुटलेली कबर सापडली, तेव्हा तिचं नाव कोरलेली काशाची भांडी आणि तिच्यासोबत बळी दिलेली सोळा माणसंही सापडली. हाडांवर नरबळींच्या नोंदी पुष्कळ आहेत. हा विषय निवडणाऱ्याने त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. राजाचा धर्म काय होता ते तिथेच कळतं.

इतिहासाशी या लेखनाचा सांधा कसा जुळतो ते वांग ग्वोवेई या अभ्यासकाच्या १९१७च्या कामातून शिकावं. सिमा च्येन या इतिहासकाराने इ.स.पू. १००च्या सुमारास शांग राजांची यादी दिली होती. ती दंतकथा असावी असं अनेकांना वाटे. वांगने हाडांवरची पूर्वजपूजेची नावं तिच्याशी ताडून पाहिली आणि यादी बहुतांशी खरी निघाली. काही पूर्वजांचा क्रम तेवढा चुकला होता, तो हाडांनी दुरुस्त केला.

काशाच्या भांड्यांवर वेगळं जग भेटतं. इ.स.पू. ११व्या शतकात झोऊ घराण्याने शांगांना हरवलं. १९७६मध्ये सापडलेल्या 'ली' नावाच्या अधिकाऱ्याच्या भांड्यावर त्या स्वारीचा दिवस कोरलेला आहे. साठांच्या चक्रातला पहिला दिवस, सकाळची वेळ; परंपरागत ग्रंथही तोच दिवस सांगतात. दुसऱ्या एका मोठ्या भांड्यावर, 'दा यू दिंग'वर, राजा बजावतो की शांगांचे अधिकारी मद्यात बुडाले म्हणून त्यांनी स्वर्गाचा आदेश, म्हणजे राज्य करण्याचा दैवी अधिकार, गमावला. राज्य टिकायला वागणूक लागते हा विचार पुढे कन्फ्यूशियसच्या परंपरेत मध्यवर्ती झाला. इथे तो एका सरदाराला नेमणूक देताना केलेल्या ताकिदीत दिसतो.

आता चित्रांचा मोह कुठे फसवतो ते सांगते. १९९३मध्ये हूबेई प्रांतात गुओद्यानच्या कबरीत बांबूच्या पट्ट्या मिळाल्या, साधारण इ.स.पू. ३००च्या. त्यांत ताओ पंथाचा आद्य विचारवंत मानल्या जाणाऱ्या लाओत्सेच्या ग्रंथाची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी प्रत आहे. या पट्ट्यांवर 'रन', म्हणजे माणुसकी, हे चिन्ह वर शरीर आणि खाली हृदय असं लिहिलेलं आहे. लगेच वाटतं, देह आणि हृदय एक झाले की माणुसकी, किती सुंदर! पण शरीराच्या चिन्हाचा (आज 'शन') जुना उच्चार 'रन'च्या जुन्या उच्चाराच्या जवळचा होता आणि ते इथे उच्चार सुचवायला आलं आहे. अर्थाची बाजू हृदय सांभाळतं. चिनी चिन्हांचा फार मोठा भाग असाच, एक अंग अर्थाचं आणि एक उच्चाराचं. म्हणून जुन्या उच्चारांचा थोडा तरी अभ्यास टाळू नका. तत्त्वज्ञानाचे मोठे इमले अशा एका चिन्हावर रचलेले मी वाचले आहेत, ते टिकत नाहीत.

त्याच पट्ट्यांवर खरा धक्का दुसरीकडे आहे. प्रचलित प्रतीत लाओत्से म्हणतो, माणुसकी आणि नीती सोडून द्या. गुओद्यानच्या प्रतीत त्या जागी वेगळी चिन्हं आहेत आणि कन्फ्यूशियसच्या मूल्यांवरचा तो थेट हल्ला तिथे नाही. त्या चिन्हांतलं एक नेमकं कसं वाचायचं यावर अजून वाद आहे. लाओत्सेचा आणि कन्फ्यूशियसचा, या दोन विचारपंथांचं सुरुवातीचं नातं कसं होतं, हे काही अंशी त्या वाचनावर ठरतं.

अभ्यासाचा क्रम मी असा सुचवेन. आधुनिक चिनी आधी, कारण या विषयावरचं बहुतेक संशोधन त्या भाषेत आहे. सोबत पारंपरिक, म्हणजे आधुनिक काळात सोपी करण्याआधीच्या, चिन्हांची सवय करा. मग कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्शियससारख्यांच्या ग्रंथांमधून अभिजात चिनी, म्हणजे जुन्या ग्रंथांची भाषा. त्यानंतर श्यू शनचा इ.स. १००मधला कोश. त्यात ९,३५३ चिन्हं आहेत आणि तो आजही हाताशी लागतो, मात्र श्यू शनने कौलाची हाडं पाहिलेली नव्हती हे ध्यानात ठेवा. मग भांडी आणि सर्वांत शेवटी हाडं. हाडांवरच्या साधारण साडेचार हजार चिन्हांपैकी एकतृतीयांशच्या आसपास चिन्हांच्या वाचनावर एकमत आहे, तेव्हा न वाचलेली जागा न वाचलेली ठेवण्याची सवय लागते.

ब्राह्मी शिलालेखांवर काम केलेल्यांना ठसे वाचण्याचा सराव इथे उपयोगी पडतो. तडा कुठला आणि कोरलेली रेघ कुठली हे डोळ्याला आपोआप कळत नाही, ठसा शेजारी ठेवून प्रत काढत राहावी लागते.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते: भारतात फक्त या विषयाच्या जागा अगदी थोड्या आहेत. आधुनिक चिनीचं अध्यापन किंवा भाषांतर हाच आधार ठेवून बहुतेकांना हा अभ्यास करावा लागतो. चीन सरकारची शिष्यवृत्ती आणि तैवानची हुआयू शिष्यवृत्ती या दोन्ही वाटा पाहा. तैपेईला गेलात तर अकॅडेमिया सिनिका या संशोधन संस्थेच्या संग्रहालयात आनयांगच्या जुन्या उत्खननातली हाडं आहेत. अर्जात 'चिनी संस्कृतीची आवड' असं मोघम लिहू नका. एक लेख निवडा, 'ली'च्या भांड्यावरचा घेतलात तरी चालेल, तो तीसेक चिन्हांचाच आहे. त्यातल्या कोणत्या चिन्हाबद्दल अभ्यासकांचं पटत नाही आणि तुम्हाला कोणाचं म्हणणं का पटतं, ते एका पानात मांडा.