गेमिंग पीसी जोडताय? आधी भिंतीतला सॉकेट तपासा

आमचं दुकान इन्व्हर्टर-बॅटरीचं, अकोल्यात. पण हल्ली वरचेवर कॉलेजातली पोरं येतात आणि तक्रार एकच: "काका, गेम चालू केला की पीसी बंद होऊन राह्यला." पार्ट सगळे नवे, बिलं खिशात, आणि संशय ग्राफिक्स कार्डावर. मी आधी विचारतो, घरात अर्थिंग आहे का? त्यावर बहुतेक जण गप्प.

जोडणीचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, ते जरूर बघा. फक्त ते बनवणाऱ्याच्या खोलीत मे महिन्यात ४५ अंश नसतात आणि संध्याकाळी त्याच्याकडे व्होल्टेज १८०वर येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पहिल्या पीसीसाठी रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड ही जोडी मला आवडते, कारण दोघं वीज बेताने खातात. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट, कार्ड ११५, बाकी पंखे, रॅम, एसएसडी धरून आणखी पन्नासेक. म्हणजे सगळं मिळून अडीचशे. त्याला ५५० वॉटचा बऱ्या कंपनीचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, भरपूर झाला. ८५०चा घ्यायची हौस असेल तर ते पैसे मॉनिटरला लावा. त्यावरच्या '८० प्लस ब्राँझ' शिक्क्याचा अर्थ वीज कमी वाया जाते, इतकंच. दुकानदार त्याला गॅरंटी असल्यासारखं सांगतो, तसं काही नसतं. खरी बघायची गोष्ट एसएमपीएसच्या अंगावरच्या स्टिकरवर असते: इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलंय की २००-२४०? गावातली लाइन ढिली असेल तर पहिलाच घ्यायचा. दुसरा १८०ला मान टाकू शकतो.

जोडताना कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ, म्हणजे मदरबोर्ड टेकवायचे छोटे खांब, मदरबोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना ते बघा. नको तिथे एखादा राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. सीपीयू कूलरच्या बुडाला प्लॅस्टिकची फिल्म असेल तर काढा. प्रोसेसरची आठ पिनांची वायर वेगळी, कार्डाची वेगळी. जात नसेल तर दाबू नका, ती चुकीची आहे. मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, मदरबोर्डाला नाही. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ रॅमचा बोर्ड काही मिनिटं काळा स्क्रीन दाखवत बसतो. तो रॅम ओळखत असतो, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

आता सॉकेट. मल्टिमीटर एसीवर ठेवून तीन मापं घ्यायची. चालू लाइनचं काम आहे, हात बसला नसेल तर वायरमनकडून करून घ्या. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ पाचच्या आत. फेज-अर्थ शंभरावर डळमळत असेल तर अर्थिंग नुसतं नावाला आहे. तेव्हाच कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात: एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही बॉडीला जोडतात, आणि अर्थ नसला की बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर, ११५च्या आसपास तरंगते. एसएमपीएस बिघडलेला नसतो, वायरिंग बिघडलेलं असतं.

उलट न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य, घरात लोड चालू असतानाही शून्य, तर खूश होऊ नका. स्विचबोर्ड उघडून बघायला सांगा. काही वायरमन अर्थची वायर ओढायचा कंटाळा करून सॉकेटमागेच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला लूप करतात. मागची न्यूट्रल कधी तुटली तर कॅबिनेटमध्ये थेट २३० उतरतील.

लाइन गेल्यावर गेम चालू राहावा म्हणून पोरं पीसी घरच्या इन्व्हर्टरवर टाकतात. प्युअर साइन वेव्ह असेल तर चालतं, पण त्याच्या मागच्या बाजूचं बारीक बटण यूपीएस मोडवर हवं. इको मोडमध्ये लाइन बदलायला वेळ लागतो, आणि एसएमपीएस वीज नसताना दम धरतो जेमतेम १६ मिलिसेकंद. वेगळा यूपीएस घेणार असाल तर व्हीए नव्हे, वॉट वाचा: ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो.

तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो६४ हा प्रोग्राम पुरे, फुकट आहे. 'सेन्सर्स ओन्ली'वर टिक करून उघडा आणि तीनच ओळी बघा: सीपीयूची टीसीटीएल (प्रोसेसरचं तापमान), जीपीयू टेंपरेचर (कार्डाचं), जीपीयू हॉट स्पॉट (कार्डाच्या चिपवरची सगळ्यात तापलेली जागा). शेजारी खोलीचं तापमान कागदावर लिहा, त्याशिवाय बाकी आकड्यांना अर्थ नाही. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० दाखवत असेल तर मेमध्ये ४५ अंशांत तो ९०कडे जाणारच. बिघाड नाही, हिशोब आहे. ७६०० स्वतःला ९५वर आवरतो, म्हणजे वेग कमी करतो. म्हणून विदर्भात सोबत मिळणाऱ्या छोट्या पंख्यावर भागवू नका, १२० मिलिमीटरचा टॉवर कूलर लावा.

चाचणी अशी: आधी दहा मिनिटं सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्राम, मग अर्धा तास रोजचा गेम. डेस्कटॉपवर कार्डाचे पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नका, थंड असताना ते फिरतच नाहीत. आकडे जास्त वाटले तर कॅबिनेटची काच काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. दहा-बारा अंश उतरले तर हवेचा रस्ता अडलाय, पुढचे पंखे आणि जाळी बघा. दोन-तीनच उतरले तर सीपीयू कूलरचे स्क्रू आणि त्याच्याखाली प्रोसेसरवर लावलेली थर्मल पेस्ट बघा. घरचा कूलर मात्र पीसीच्या तोंडावर सोडू नका. आकडे छान उतरतात, पण ओल आणि धूळ मिळून जाळीवर चिखल बसतो.

आणि तो बंद होणारा पीसी? विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसला की पोरं एसएमपीएस बदलायला धावतात. ती नोंद एवढंच सांगते की विंडोज नीट बंद झालं नाही. का, ते नाही. त्यापेक्षा एचडब्ल्यूइन्फोची लॉग फाइल चालू ठेवून गेम खेळा आणि बंद पडल्यावर शेवटच्या ओळी वाचा. प्रोसेसर ९५ला टेकलेला असेल तर उष्णता. ६५-७० असताना खटकन अंधार झाला तर वीज. मग दुसऱ्या खोलीतल्या, वेगळ्या एमसीबीवरच्या सॉकेटवर लावून बघा, मधला एक्स्टेंशन बोर्ड काढून थेट भिंतीत. तिथेही तेच झालं तर मित्राचा एसएमपीएस मागून घ्या, पण त्याच्या सगळ्या वायरींसकट. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसच्या वायरी एकीकडच्या दुसरीकडे लावल्या की पिना जुळत नाहीत आणि एसएसडी जळते.

पंखे फिरतायत आणि फक्त स्क्रीन काळा झालाय, तर कार्ड काढून पुन्हा बसवा, खाचेचा खटका वाजेपर्यंत, आणि त्याची पॉवरची वायर शेवटपर्यंत आत गेलीय का ते टॉर्च मारून बघा.