कॅनडात आश्रय मागताय आणि पूर्वी लष्करात किंवा सरकारात होतात? मग हे बघा

1951 च्या निर्वासित करारातलं कलम 1F, म्हणजे युद्धगुन्ह्यांसारख्या गंभीर गुन्ह्यांत हात असलेल्यांना वगळणारं कलम, लागलं की निर्वासित दर्जा गेलाच, मायदेशी जिवाला धोका असला तरी. पण नुसती बदनाम सरकारात नोकरी केली म्हणून ते लागत नाही, 2013 च्या एझोकोला निकालात कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गुन्ह्यात स्वेच्छेनं, जाणूनबुजून आणि लक्षणीय हातभार हवा, तिन्ही पाहिजेत. म्हणून जबाबात हुद्दा, तुकडी, रोजचं नेमकं काम, भरती जबरदस्तीची होती का, सगळं तारखांसकट लिहा. खरा कीस कशावर पडतो, तर अत्याचार कळल्यावरही किती काळ टिकून राहिलात आणि सुटायची संधी होती का! सिद्ध करायचं सरकारनं, पण फौजदारी खटल्याइतका पुरावा त्यांना लागत नाही हो. वकिलापासून तर काहीच लपवू नका.