मे महिन्यात डायोड-पंप लेसर बांधताना
यवतमाळ-वर्ध्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये एनडी-याग लेसरचं दुखणं तिथूनच सुरू होतं. या लेसरमधला क्रिस्टल डायोडच्या प्रकाशावर चालतो आणि 808 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतो. डायोडची तरंगलांबी मात्र दर अंशाला साधारण 0.3 नॅनोमीटर सरकते. 10 अंश तापला की 3 नॅनोमीटर गेले, पॉवर घसरली. अशा वेळी करंट वाढवू नका, डायोड जळेल. डायोडला थंड पाणी पुरवणारा चिलर 25 अंशांवर स्थिर ठेवा. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार बसून बारीक नळ्या तुंबतात. डिस्टिल्ड वॉटर भरा. पाण्याचा प्रवाह ओळखणारा फ्लो-स्विच डायोडला करंट देणाऱ्या ड्रायव्हरच्या इंटरलॉकला, म्हणजे करंट तोडणाऱ्या सुरक्षा-जोडणीला जोडा, म्हणजे पंप थांबताच डायोड बंद. आणि त्या खोलीत कूलर लावू नका! ओलसर हवेत डायोड बसवलेल्या थंड माउंटवर दव धरतं. डायोडच्या तोंडावर थेंब बसला की तो गेलाच. लेसरमधून निघणारा 1064 नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, म्हणून 808 आणि 1064 दोन्ही अडवणारा चष्मा घातल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही.