हाताने चालते, पण सर्व्हर उठला की चालत नाही: स्टार्टअप स्क्रिप्ट अशी दुरुस्त करा

पावसाळ्यात महापे-रबाळेच्या पट्ट्यात वीज जाते, येते. लिनक्स सर्व्हर बंद पडून परत उठतो, स्टॉकचं ॲप्लिकेशन मात्र उठत नाही. मग फोनवरून सल्ले सुरू होतात: 'स्क्रिप्टला ७७७ परवानगी दे' (सगळ्यांना सगळे अधिकार), 'वरती स्लीप ६० टाक' (आधी मिनिटभर थांब), 'आरसी-लोकलमध्ये घाल' (बूटला चालणारी जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट). तिन्ही सोडून द्या. ७७७ दिलं की सर्व्हरवरचा कुठलाही युजर ती फाइल बदलू शकतो, आणि ती रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने चालत असेल तर विषयच संपला.

बूटला सेवा, म्हणजे मागे चालत राहणारे प्रोग्राम, सुरू करतं ते सिस्टमडी. आधी त्याचा लॉग बघा. 'सिस्टमसीटीएल स्टेटस' शेवटच्या दहाच ओळी दाखवतं आणि खरी चूक बहुतेकदा त्याच्या वर असते. म्हणून 'जर्नलसीटीएल डॅश यू', सेवेचं नाव, 'डॅश बी': या बूटपासूनचा सगळा लॉग मिळतो.

त्यात सेवा कोणत्या कोडने बंद पडली ते शोधा. २१७ म्हणजे युनिट फाइलमधला (सेवा कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) युजरच सर्व्हरवर नाही. २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरी सापडली नाही. २०३ म्हणजे स्क्रिप्ट सुरूच करता आली नाही: पाथ चुकला, एक्झिक्यूट परवानगी नाही, किंवा फाइल विंडोजवर लिहून विंडोजच्या पद्धतीच्या ओळ-शेवटांसह सेव्ह केलेली आहे. हे शेवटचं फार छळतं. पहिल्या ओळीच्या शेवटी न दिसणारं अक्षर चिकटतं, आणि फाइल डोळ्यांसमोर असताना लॉग म्हणतो 'फाइल नाही'. 'डॉस-टू-युनिक्स' चालवा, सुटतं. रेड हॅटच्या कुळातला सर्व्हर असेल तर स्क्रिप्ट होम फोल्डरमध्ये ठेवू नका, एसई-लिनक्स (फाइलींवरची लेबलं बघून परवानगी देणारी सुरक्षा यंत्रणा) अडवतं. 'एमव्ही'ने हलवलीत तर जुनं लेबल सोबत येतं, म्हणून नंतर लेबल दुरुस्त करणारं 'रिस्टोरकॉन' चालवा.

आता खरी मेख. कोड १२७ येतो, म्हणजे स्क्रिप्टमधली एखादी कमांड सापडत नाही. आणि तीच स्क्रिप्ट टर्मिनलवर सुरळीत चालते. यात मी पूर्वी भरपूर डोकं आपटलं आहे. तुम्ही लॉगिन करता तेव्हा बॅश-आरसी आणि प्रोफाइल या शेलच्या सेटिंग फाइली वाचल्या जातात, पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) जावाचा फोल्डर येतो, जावा-होम हे व्हेरिएबल ठरतं. सिस्टमडी यातलं काहीच वाचत नाही. त्याचा पाथ मोजक्या फोल्डरांचा, आणि वर्किंग डिरेक्टरी नेमली नसेल तर सेवा थेट सगळ्यात वरच्या, नुसत्या स्लॅशच्या फोल्डरमधून सुरू होते. स्क्रिप्टमध्ये 'कॉन्फिग' असा अर्धवट पाथ असेल तर तो तिथे शोधला जाणार.

म्हणून 'माझ्याकडे तर चालते' हा पुरावाच नव्हे. 'सुडो सिस्टमडी-रन डॅश डॅश पाइप डॅश डॅश वेट' लिहा, पुढे 'डॅश डॅश यूआयडी' देऊन सेवेचा युजर आणि स्क्रिप्टचा पूर्ण पाथ. स्क्रिप्ट सिस्टमडीच्याच परिस्थितीत चालते आणि चूक समोर छापली जाते. मग प्रत्येक कमांडला पूर्ण पाथ द्या आणि लागणारी व्हेरिएबल्स युनिट फाइलमध्ये नेमलेल्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये ठेवा. ती फाइल शेल स्क्रिप्ट नाही, हे मात्र विसरू नका. तिथे 'एक्स्पोर्ट' लिहिलंत तर ती ओळ दुर्लक्षित होते, आणि डॉलर-पाथ उलगडत नाही, तसाच अक्षरशः जातो. स्क्रिप्टमध्ये बॅश-आरसी ओढून घेण्याचा जुगाड करू नका. उद्या कोणी तिथे स्वतःची सोय घालेल आणि तुमची सेवा पडेल.

सेवा सुरू होऊन लगेच मरते? स्क्रिप्टच्या शेवटी अँपरसँड (&, कमांड मागे पाठवणारं चिन्ह) असेल. युनिट फाइलमधल्या 'सिंपल' या सेवेच्या प्रकारात मुख्य प्रक्रिया संपली की सिस्टमडी मागे उरलेल्या प्रक्रियाही मारतं. अँपरसँड आणि नोहप (हेही प्रोग्राम मागे चालू ठेवण्यासाठीच) काढा, शेवटच्या कमांडआधी 'एक्झेक' लावा, म्हणजे ती कमांडच मुख्य प्रक्रिया होते. घाईने प्रकार 'फोर्किंग' (स्वतःहून मागे जाणाऱ्या प्रोग्रामसाठीचा) करू नका. स्क्रिप्ट मागे गेलीच नाही तर ९० सेकंद वाट पाहून टाइमआउट येतो.

फक्त बूटलाच अडत असेल, तर वीज आल्यावर सर्व्हर आधी उठतो आणि नेटवर्कचा स्विच, नॅस (नेटवर्कवरची डेटाची साठवण) मागाहून. युनिट फाइलमध्ये 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हींत 'नेटवर्क-ऑनलाइन' लिहा. नुसतं 'आफ्टर' पुरत नाही. डेटा माउंटवर (नॅससारख्या जोडलेल्या डिस्कवर) असेल तर 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर'. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर तो तयार आहे याची हमी यातलं काहीच देत नाही. तिथे 'रिस्टार्ट ऑन-फेल्युअर' आणि 'रिस्टार्ट-सेक' १५ ठेवा. सेकंद कमी ठेवलेत तर १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की सिस्टमडी हात वर करतं, मग 'रिसेट-फेल्ड' करावं लागतं.

युनिट फाइल बदलली की 'डेमन-रीलोड'. बूटला सेवा आपोआप सुरू व्हावी म्हणून 'एनेबल' केलंय ना, तेही बघा.

शेवटी सर्व्हर खरोखर रीबूट करून पाहा. शनिवारी संध्याकाळी, सर्व्हर रूममध्ये कोणीतरी उभं असताना. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून मोबाइलवरून नाही.